कामशेतचा बाजार

इंग्रजीच्या तासास एका लहानशा इंग्लिश बाजारगावाचे वर्णन आमच्या वाचनात आले. मध्यभागी चौक, चौकात दगडी क्रूस, भोवती दुकाने, आणि आठवड्यातून एक दिवस आसपासच्या खेड्यांतील शेतकरी आपली मेंढरे, लोणी व अंडी घेऊन तेथे जमतात, असा तो मजकूर होता. "असे गाव तुमच्यापैकी कोणी पाहिले आहे काय?" असे गुरुजींनी विचारले. आम्ही सर्वांनी एकमुखाने "नाही" म्हटले. गुरुजी नुसते हसले. आणि पुढच्याच आठवड्यात आम्हां दहा-बारा जणांस त्यांनी लोणावळ्यास पुण्याच्या लोकलमध्ये बसवून दुसऱ्या स्थानकावर उतरविले. ते स्थानक कामशेत. ज्या गावावरून आपण शेकडो वेळा गेलो, ते पाहण्याकरिता सहल काढावी याची आमच्यापैकी काहींस थोडी लाजच वाटली, हे येथे कबूल केले पाहिजे.

बाजाराचा दिवस होता. शाळा उघडून पंधरवडा लोटला होता, व मृगाची एकच सर येऊन गेली होती. पुलावर उभे करून गुरुजींनी आम्हांस प्रथम गावाची जागा दाखविली. खाली इंद्रायणी. उत्तरेस नदीपलीकडे नाणे मावळ, म्हणजे गोवित्री, करंजगाव, कांब्रे व थेट जांभवलीपर्यंतची गावे. दक्षिणेस डोंगर ओलांडला की पवन मावळ. तिकडे बेडसे, त्यापलीकडे तुंग व तिकोना हे किल्ले. दोन खोरी ज्या ठिकाणी हमरस्त्यास मिळतात तेथे गाव बसले आहे. "आता सांगा," गुरुजी म्हणाले, "बाजार येथेच का? चार कोस पुढे किंवा मागे का नाही?"

आम्हांस उत्तर देता आले नाही, तेव्हा ते त्यांनी इंग्लंडातूनच आणले. त्या देशात नवा बाजार भरविण्यास राजाची सनद लागे. तेराव्या शतकात ब्रॅक्टन नावाचा एक न्यायशास्त्रवेत्ता होऊन गेला. त्याच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथात असे सांगितले आहे की, जुन्या बाजारापासून सहा मैल व दोन-तृतीयांश मैल यांच्या आत दुसरा बाजार भरवू नये, कारण त्याने पहिल्याचे नुकसान होते. हा अपूर्णांक कोठून आला? माणसाची दिवसाची चाल वीस मैल धरावयाची आणि तिचे तीन भाग करावयाचे. एक भाग बाजारास जाण्याचा, दुसरा देवघेवीचा, तिसरा दिवेलागणीपूर्वी घरी परतण्याचा. म्हणजे बाजारगावांतील अंतर ठरविले ते माणसाच्या पायांनी व सूर्याने. राजाने त्यावर केवळ मोहोर उमटविली. आम्ही हिशेब केला. सहा मैल दोन-तृतीयांश म्हणजे पावणेअकरा किलोमीटर. आणि कामशेतहून वडगाव सुमारे दहा किलोमीटर आहे! लोणावळा मात्र सोळाच्या आसपास पडते. तेवढ्याने ब्रॅक्टनसाहेब रागावणार नाहीत असे आम्ही ठरविले.

आपल्याकडेही पेठ वसविणे हे राजसत्तेचेच काम होते. पेठेस शेटे व महाजन हे वतनदार असत. इंग्लंडात चिपिंग नॉर्टनसारख्या गावांच्या नावातील 'चिपिंग' या शब्दाचा अर्थ बाजार असाच आहे; आमच्या मावळात गडाच्या पायथ्याशी तिकोना पेठ आहेच. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार यांस बलुते धान्याच्या रूपाने मिळे, त्यामुळे रोजच्या गरजांसाठी पैसा फारसा लागत नसे. परंतु मीठ, लोखंड आणि सुकी मासळी खेड्यात पिकत नाही. घाट चढून येणाऱ्या बैलांच्या तांड्यांनीच ती मावळात यावयाची. ही वाट फार जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल व धेनुकाकट येथील यवन यांची दाने कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीही येथून व्यापारी जात होते. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली झाला. खंडाळा ते पुणे आगगाडी १८५८ साली सुरू झाली आणि घाटातील लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. आता द्रुतगती मार्गावरील मोटारी कामशेतच्या नावाच्या बोगद्यांतून जातात, पण कामशेत त्यांतील कोणास दिसत नाही.

बाजारात शिरताच प्रथम वास आला तो सुकट, बोंबील व जवळा यांचा. पावसाळ्याची बेगमी चालू होती. घोंगड्या होत्या, पण त्यांहून अधिक गिऱ्हाईक निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या कागदास होते. इरले मात्र सबंध बाजारात एकही दिसले नाही. विळे, कोयते, फाळ, दोरखंडे. कांदे, बटाटे आणि टोमॅटो यांची मोठी दुकाने टेम्पोतून आलेल्या व्यापाऱ्यांची होती. त्यांच्या मागे, कडेला, ज्यांच्यापुढे ताडपत्रीही नव्हती अशा बाया बसल्या होत्या. त्यांत कातकरी व ठाकर पुष्कळ. त्यांच्या पाटीत टाकळा, भारंगी, शेवटची करवंदे, एकीजवळ दोरीने बांधलेले खेकडे. गुरुजींनी आम्हांस एकच काम दिले होते : प्रत्येक जिन्नस कोठून आला ते विचारावयाचे. जसजसे विचारीत गेलो तसतसे ध्यानात आले की, रस्त्याच्या दर्शनी भागातील माल बहुतेक पुण्याकडून आलेला, आणि खोऱ्यातला माल तेवढा कडेला.

तांदूळही तसाच. दुकानात पोत्यांवर 'इंद्रायणी' अशी अक्षरे होती. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर व आय.आर. ८ यांच्या संकरातून निघाला व १९८७ साली प्रसृत झाला. येथील मातीतच त्याचा जन्म. परंतु हे पोते कोणत्या गावचे असे विचारता दुकानदार म्हणाला, "नाव इंद्रायणी आहे ना? मग झालं!"

खोऱ्यातला तांदूळ आम्हांस अखेर एका म्हातारीपाशी मिळाला. तिच्यापुढे अर्धे पोते होते व शेजारी शेराचे जुने माप.

"आजी, कसा दिलात?"

"किलोनं घ्या का शेरानं घ्या, बाळांनो. काटा त्या भाऊंचा हाये, माप माझं."

आम्ही माप घेतले. तिने ते भरून वर तांदळाची निमुळती शीग लावली, इतकी की दाणे कडेने ओघळू लागले. मापाने विकण्याचे दिवस १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर हळूहळू सरले. काट्याला शीग लावता येत नाही.

बोलता बोलता कळले की तिच्या माहेरची खाचरे पवना धरणात गेली. हे धरण १९७२ च्या सुमारास झाले, आणि उठलेल्या माणसांच्या जमिनीचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला. याच धरणाचे पाणी बंद नळाने शहराकडे नेण्यास विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी जवळच बऊर येथे गोळीबार झाला, व तिघे मृत्यू पावले. म्हातारी यांपैकी काही बोलली नाही. ती एवढेच म्हणाली, "सासरचं हाये थोडं. बाकी खंडानं करतो. पण मालक म्हंतो, औंदा लावा, पुढल्या साली बंगलेवाल्यास्नी द्यायचंय."

"मग पुढच्या वर्षी तुम्ही बाजारास काय आणाल?" आमच्यातील एकाने विचारले. हा प्रश्न विचारावयास नको होता असे आम्हां सर्वांस त्याच क्षणी वाटले.

तिने पोत्याचे तोंड वळून घेतले. "तवाचं तवा बघू. राब तर उगवलाय चांगला."

दोन वाजण्याच्या सुमारास टेम्पोवाल्यांची विक्री भर रंगात असता ती व तिच्या रांगेतील बाया एकाएकी उठू लागल्या. गाडी तर संध्याकाळी आहे, मग घाई का, असे आम्ही विचारले. "म्हस बांधल्याली हाये," ती म्हणाली, आणि उरलेला तांदूळ डोक्यावर घेऊन खिंडीच्या वाटेस लागली. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले. दिवसाचा तिसरा भाग नुकता सुरू झाला होता.