पिकअप खाली बसवावी का?

रत्नागिरीतल्या एका शिक्षक मेळाव्यात आम्ही स्प्रिंग आणि हूकचा नियम या पाठावर बोललो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक शिक्षक आपल्या जुन्या विद्यार्थ्याला घेऊन आले. त्याची स्वतःची पिकअप आहे. हंगामात हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात पोचवायच्या आणि एरवी मिरकरवाड्याची मासळी, बर्फ, जांभ्याचे चिरे असे मिळेल ते भाडे घ्यायचे, हा त्याचा व्यवसाय.

तो म्हणाला, "साहेब, गाडी मागून निदान दोन इंच खाली बसवायची आहे. तीन गॅरेजवाल्यांनी तीन उपाय सांगितलेत. कोणता घेऊ?"

कारणे त्याने तीन सांगितली. पेट्या चढवायला सोपे पडेल, घाटात गाडी कमी झुकेल, आणि (हे जरा लाजत) गाडी दिसायला झकास दिसेल. पण खरे कारण दुसरेच होते. आदल्या हंगामात परशुराम घाटातल्या एका वळणावर भरल्या गाडीची आतली चाके क्षणभर उचलल्याचे त्याला जाणवले होते. तेव्हापासून रात्रीचा घाट त्याला नकोसा वाटे. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब इथे देत आहोत, कारण आठवी-नववीच्या वर्गात तो जसाच्या तसा करता येईल.

पाटे म्हणजे काय?

पिकअपच्या मागच्या बाजूला पोलादी पाट्यांची कमान असते. एकावर एक ठेवलेल्या या पट्ट्या मधोमध यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेल्या असतात आणि टोकांना चासीला जोडलेल्या असतात. एका टोकाला शॅकल नावाची झुलती कडी असते, कारण कमान दबली की तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा लागते.

एकच जाड पाटा का वापरत नाहीत? हे वर्गात करून पाहा. एक पोलादी फूटपट्टी टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरा, मोकळ्या टोकाला वजन टांगा आणि ती किती वाकते ते मोजा. आता तशाच दोन पट्ट्या एकमेकींवर नुसत्या ठेवून तेच वजन टांगा. वाकणे निम्म्यावर येते. दुप्पट जाडीची एक अखंड पट्टी मात्र एक अष्टमांशच वाकली असती, कारण तेथे जाडीचा घन लागतो. म्हणजे पातळ पाट्यांचा जुडगा भरपूर वाकूनही मोडत नाही. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने गाडीचे हिंदकळणे थोडे शमते.

खाली बसवण्याचे उपाय

पहिला गॅरेजवाला म्हणाला होता, पाचातला एक पाटा काढून टाकू. दुसरा म्हणाला, पाट्यांना हात न लावता चासीवरची टोकांची जागा आणि शॅकल बदलू. येथे एक गंमत आहे. ॲक्सल पाट्यांच्या साधारण मध्यावर असतो, त्यामुळे एकच टोक पाच सेंमी सरकवले तर गाडी जेमतेम अडीच सेंमी उतरते. पाच हवे असतील तर दोन्ही टोके सरकवावी लागतात.

तिसरा उपाय सर्वांत धाडसी होता. या गाडीत पाटे ॲक्सलच्या वर होते, ते खाली न्यायचे. असे केले की गाडी ॲक्सलची जाडी अधिक पाट्यांच्या जुडग्याची जाडी इतकी, म्हणजे बारा-पंधरा सेंमी उतरते. मग ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून चासीलाच खाच पाडावी लागते.

विद्यार्थ्यांना एक कोडे घाला. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घातला तर गाडी उंच होईल की खाली बसेल? पाटे ॲक्सलच्या वर असतील तर उंच होईल आणि खाली असतील तर बसेल. चित्र काढल्याशिवाय हे कोडे सुटत नाही.

जागा किती उरते?

आकडे आम्ही हिशेबाला सोपे धरले. रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर ५०० किलो भार, भरल्यावर १५०० किलो. १५०० किलोला पाटे १० सेंमी दबतात, तर हूकच्या नियमाने ५०० किलोला ३.३ सेंमी दबतील. म्हणजे माल भरल्यावर गाडी ६.७ सेंमी आणखी बसते. रिकामी असताना ॲक्सल आणि चासीखालचे रबर यांत १२ सेंमी अंतर असेल, तर भरल्यावर ५.३ सेंमी उरते. रस्त्यातला प्रत्येक खड्डा पचवायचा तो एवढ्याच जागेत.

आता पाट्यांची टोके बदलून गाडी ५ सेंमी खाली घेतली, तर भरल्या गाडीत जागा उरते ३ मिलिमीटर! प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल रबरावर आदळणार. एक पाटा काढला तर पाच पाट्यांचा भार चौघांवर येतो. पाटे १० ऐवजी १२.५ सेंमी दबतात, जागा २.८ सेंमी उरते आणि प्रत्येक पाट्यावरचा ताण पाव पटीने वाढतो. वर कमान मऊ झाल्याने वळणावर गाडी अधिकच झुकते. ज्यासाठी खटाटोप करायचा, त्याच्या नेमके उलटे.

आंब्याच्या बाजूने

स्प्रिंगवरच्या गाडीची वारंवारता काढायला एक सोपी युक्ती आहे. भाराने पाटे किती सेंमी दबले ते मोजा आणि त्याच्या वर्गमुळाने ५ ला भागा. १० सेंमीला सेकंदाला सुमारे १.६ हेलकावे येतात, ३.३ सेंमीला सुमारे २.७. रिकामा टेम्पो खडखडतो आणि भरलेला डुलत जातो, त्याचे कारण हेच.

हेलकाव्याचे त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.६ वारंवारतेला एक सेंमी आयामाचा हेलकावा गुरुत्व त्वरणाच्या एक दशांश एवढेच त्वरण देतो. तोच आयाम सेकंदाला ५ वारंवारतेने झाला, तर त्वरण गुरुत्वाइतके होते. म्हणजे पेटीतला वरचा आंबा क्षणभर अधांतरी होऊन पुन्हा आपटतो. ॲक्सल रबरावर टेकला की मऊ कमानीची जागा एकदम कडक रबर घेते आणि धक्का असाच तीव्र होतो. पेटीतला पेंढा त्यातला थोडा भाग सोसतो, सगळा नाही. लागलेला मार हिरव्या फळावर दिसत नाही. पिकल्यावर डाग उमटतो आणि तोवर पेटी वाशीला पोचलेली असते.

आणि घाटातले वळण?

गाडी उलटेल की नाही हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर यांवर ठरते. गाडी १७०० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमीवर. हौदा ९० सेंमी उंचीवर, त्यावर २० सेंमीचे पाच थर, एकूण माल १३०० किलो. मालाचा गुरुत्वमध्य १४० सेंमीवर येतो आणि दोन्ही मिळून सुमारे १०० सेंमीवर. चाकांतले अंतर १४० सेंमी आणि वळणाची त्रिज्या २५ मीटर धरली, तर ताशी सुमारे ४७ किमी वेगाला आतली चाके उचलतात.

सगळी गाडी ५ सेंमी खाली घेतली, तर ही मर्यादा होते ४८.३. सव्वा किलोमीटरची कमाई! प्रत्यक्षात ॲक्सल आणि चाके खाली जात नाहीत, त्यामुळे तीही थोडी कमीच. आता गाडीला हात न लावता वरचा एक थर, म्हणजे २६० किलो, काढून टाकू. गुरुत्वमध्य १०० वरून ९३ सेंमीच्या खाली येतो आणि मर्यादा होते सुमारे ४८.९. पाना न फिरवता जास्त फायदा. खऱ्या गाडीत टायर व पाटे दबून गाडी बाहेर झुकते, त्यामुळे चाके याहून कमी वेगालाच उचलतात. म्हणून ४७ हा आकडा कोणी सुरक्षित वेग समजू नये. वेग दहा टक्के कमी केला, तर उलटवणारा जोर जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटतो.

इतर दोन गोष्टी

काही गाड्यांत मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारी झडप चासी आणि ॲक्सल यांतले अंतर पाहून भार ओळखते. गाडी खाली बसवली की तिला रिकामी गाडीही भरलेली वाटते. मग ओल्या रस्त्यावर मागची चाके जाम होऊन गाडी फिरू शकते.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले आहे. हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. कॅलिफोर्नियातले मेक्सिकन वंशाचे तरुण १९४० च्या दशकात डिकीत वाळूची पोती टाकून मोटारी खाली बसवत. १९५८ पासून २०२३ अखेरपर्यंत तेथे गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येण्यास बंदी होती. वाळूची पोती काय किंवा आंब्याच्या पेट्या काय, पाट्यांना दोन्ही सारखेच.

मग त्याने काय केले?

आम्ही तिन्ही उपायांना नाही म्हटले. चासीला खाच पाडण्याला तर ठामपणे. पाटे आणि शॉकअप तपासून थकलेले बदल, टायरमधली हवा दोन्ही बाजूंना सारखी ठेव आणि चारच थर लाव, असे सुचवले. चढवायला सोपे हवे असेल, तर पुढची गाडी घेताना कमी उंचीच्या हौद्याची पाहा.

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "साहेब, एक थर म्हणजे तेवढ्या पेट्यांचं भाडं प्रत्येक खेपेला गेलं." याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. हिशेब आमचा होता, हप्ते त्याचे होते. पुढच्या हंगामात त्या शिक्षकांकडून कळले, की तो चार थरांनीच जातो, घाट मात्र अजून रात्रीच करतो.

आपल्या गावातल्या एखाद्या टेम्पोचे पाटे रिकामे असताना आणि भरल्यावर विद्यार्थ्यांना मोजायला लावा. मालक बहुधा आनंदाने मोजू देतील. आलेले आकडे आम्हाला जरूर कळवा.