कापसावर उमटलेले महायुद्ध

दिग्रसच्या बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागल्या, की जिनिंगची यंत्रे धडधडू लागतात. रुई एका बाजूला पडते, सरकी दुसऱ्या बाजूला. सरकीच्या अंगाला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंकडे, म्हणजे लिंटरकडे, सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पण दुसऱ्या महायुद्धाची जी हलती चित्रे आपण दूरदर्शनच्या पडद्यावर पाहतो, त्यांचा या तंतूंशी जवळचा संबंध आहे. तो कसा, ते पाहू या.

महायुद्धाचा इतिहास सांगणारी एक गाजलेली मालिका म्हणजे ‘द वर्ल्ड अ‍ॅट वॉर’. थेम्स टेलिव्हिजनची ही २६ भागांची मालिका ऑक्टोबर १९७३ ते मे १९७४ या काळात ब्रिटनमध्ये दाखवली गेली. तिचे निर्माते होते जेरेमी आयझॅक्स आणि निवेदक लॉरेन्स ऑलिव्हिए. तिचा एक भाग ब्रह्मदेशातील लढाईवर आहे. त्या आघाडीवर हिंदी सैनिक फार मोठ्या संख्येने लढले होते. युद्ध संपून जवळजवळ तीस वर्षे झाल्यावर ही मालिका तयार होऊ शकली, कारण रणांगणावर टिपलेली फिल्म तोवर डब्यांत शिल्लक होती.

एकच कापूस, दोन कामे

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. १८४६ च्या सुमारास शोनबाइन या शास्त्रज्ञाला असे आढळले, की कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली तर तो दिसायला तसाच राहतो, पण ठिणगी लागताच क्षणात भडकतो. हा झाला ‘गनकॉटन’. बंदुकीच्या निर्धूम दारूत त्याचा उपयोग होऊ लागला.

याच विक्रियेत सेल्युलोजला नायट्रेटचे गट थोडे कमी जोडले, की मिळणारा पदार्थ विद्रावकात विरघळतो आणि त्याची पारदर्शक, लवचीक पट्टी करता येते. या पट्टीवर चांदीच्या क्षारांचा प्रकाशसंवेदी थर दिला की फिल्म तयार! १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपटगृहांसाठीची ३५ मिलिमीटरची फिल्म बहुतांशी अशीच असे. म्हणजे सैनिकाच्या काडतुसातली दारू आणि त्याचे चित्र टिपणारी फिल्म ही दोन्ही सेल्युलोजचीच अपत्ये होत.

डब्यातली आग

या नात्याची किंमतही मोजावी लागते. नायट्रेट फिल्मच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे ती एकदा पेटली की पाण्यात बुडवूनही विझत नाही. शिवाय ती न पेटताही हळूहळू विघटित होत असते. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात, हवेतल्या बाष्पाशी मिळून त्यांचे आम्ल बनते आणि ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते. फिल्म आधी पिवळी पडते, मग चिकट होते आणि शेवटी तिची पूड होते. फार खराब झालेली फिल्म ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानातही आपोआप पेटू शकते. आपल्या वऱ्हाडातला मे महिना डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही फिल्म थंड व कोरड्या जागीच का ठेवावी लागते ते कळेल.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पण २००३ च्या जानेवारीत पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची कितीतरी रिळे जळून गेली. नंतरच्या काळात आलेली अ‍ॅसिटेट फिल्म सहज पेटत नाही, पण तीही कुजते. त्या वेळी डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो, कारण तिच्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते.

पडद्यावरचा स्फोट

अशी वाचलेली दृश्ये पाहताना थोडे गणित करावे. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालते. पहिल्या महायुद्धातील मूकपटांच्या वेळी कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग बहुधा १६ ते १८ चौकटींच्या आसपास असे. १६ च्या वेगाने घेतलेले ३० सेकंदांचे दृश्य २४ च्या वेगाने दाखवले, तर ते २० सेकंदांतच संपते. म्हणून त्या काळातले सैनिक तुरुतुरु चालताना दिसतात. प्रत्यक्षात ते थकलेल्या पावलांनीच चालत होते!

आता आवाजाकडे वळू. रणांगणावरचे बहुतेक चित्रीकरण मुके होते. दूरवर तोफगोळा फुटताना दिसतो आणि त्याच क्षणी धडाका ऐकू येतो. हे शक्य आहे काय? ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्फोट एक किलोमीटरवर झाला असेल, तर धडाका सुमारे ३ सेकंद उशिरा यायला हवा. तो लगेच आला, तर आवाज नंतर जोडलेला आहे किंवा निदान मागेपुढे सरकवलेला आहे, असे समजावे.

चौकटीबाहेरची माणसे

कॅमेरा कुणाच्या हातात आहे, हेही पाहायला हवे. १९४० मध्ये सरकारने मुंबईत फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड नेमले. त्याच्या चित्रपटनिर्मितीची धुरा काही काळ व्ही. शांताराम यांच्याकडे होती. या चित्रपटांचा हेतू युद्धकार्याला लोकांचा पाठिंबा मिळवणे हा होता. त्यामुळे त्यांत काय दाखवले याइतकेच काय दाखवले नाही, हेही महत्त्वाचे ठरते.

त्या युद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक होते. इटलीत १९४४ मध्ये यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव या दोन मराठा सैनिकांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तर त्या लढाईतच कामी आले. त्यांची नावे इतिहासात राहिली, पण पडद्यावरून क्षणभर चालत जाणाऱ्या बाकीच्या सैनिकांची नावे कोण सांगणार?

तुमच्या घरी, शेजारी किंवा शाळेच्या कपाटात जुनी छायाचित्रे असतील. ती उन्हापासून आणि ओलीपासून जपा. वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येकाचे नाव, गाव आणि साल वेगळ्या वहीत उतरवून ठेवा. फिल्म टिकवण्याचे काम रसायनशास्त्र करील. तिच्यातला माणूस कोण, हे मात्र कुणीतरी वेळेवर लिहून ठेवायला हवे.