कुत्र्याची जात नव्हे, वागणूक पाहा

बेळगाव असो वा निपाणी, घरांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ किंवा ‘नायि इदे, एच्चरिके’ अशी पाटी दिसते. भाषा कोणतीही असो, कुत्रा कोणत्या जातीचा हे पाटी सांगत नाही. कायद्याचे म्हणणेही जवळपास तेच आहे.

अमक्याने रॉटवायलर आणला म्हटले की गल्लीतल्या आयांच्या पोटात गोळा येतो. ही भीती अनाठायी नाही. दांडग्या कुत्र्याचा चावा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. याच भीतीपोटी १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने परिपत्रक काढून पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींची विक्री, पैदास व पाळणे यांना परवाने देऊ नयेत, असे राज्यांना कळवले. आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाने ते १० एप्रिल २०२४ रोजी रद्द केले. संबंधितांशी सल्लामसलत न करता ते काढले, हा मुख्य आक्षेप होता. रीतसर विचारविनिमय करून नवा निर्णय घेण्याची वाट मात्र न्यायालयाने मोकळी ठेवली.

मग कुत्र्याच्या मालकावर वचक कशाचा? भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ पाहा. पाळीव जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी काळजी मालकाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इथे जातीचे नाव नाही. पाहिला जातो तो धोका आणि मालकाचा हलगर्जीपणा.

भटक्या कुत्र्यांबाबतही २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असाच भेद केला. नसबंदी व लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडावेत. पण रेबीज झालेले, त्याचा संशय असलेले वा आक्रमक वागणारे सोडू नयेत, असा तो आदेश होता. परदेशातला अनुभवही बोलका आहे. नेदरलँड्सने पिटबुलवर घातलेली बंदी २००८ साली उठवली, कारण तिने चावे कमी झाले नव्हते.

आपल्या शेजारच्या बागलकोटचा मुधोळ कुत्रा त्या २३ जातींत नव्हता. म्हणून तो मोकाट सोडावा का? मुळीच नाही. तो जातिवंत शिकारी. पळणाऱ्यामागे धावणे त्याच्या रक्तातच आहे.

तेव्हा शेजाऱ्याला जात विचारण्याऐवजी तीन प्रश्न विचारूया : रेबीजची लस दिली का? बाहेर नेताना साखळी असते का? आजवर तो कुणाच्या अंगावर गेला आहे का? मुलांनाही शिकवूया, की कुत्रा अंग ताठ करून गुरगुरू लागला तर पळू नये, नजर रोखू नये, हळूहळू मागे सरावे. आणि चावलाच, तर हळद-चुना न लावता जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी क्वचितच वाचतो, आणि हा रोग पसरवणाऱ्या कुत्र्यालाही जात नसते.