धूर कुणाच्या वाट्याला?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात ‘फायरबॉल’ नावाचा एक मंत्र आहे. मांत्रिकाला तो दीडशे फुटांपर्यंत कुठंही फेकता येतो. वीस फूट त्रिज्येच्या गोलात जे सापडेल ते भाजून निघतं, आणि किती भाजलं हे ठरवायला सहा बाजूंचे आठ फासे टाकतात. अंतर किती, इजा किती, वेळेवर अंग चोरणारा किती वाचला, सगळ्याचा हिशेब नियमात आहे. धुराचा नाही.

गोवंडीत वाढलेल्या मुलाला ही फट चटकन दिसावी. शेजारच्या देवनार डेपोवर मुंबईचा कचरा 1927 पासून पडतो आहे. जानेवारी 2016 च्या अखेरीस त्या डोंगराला आग लागली तेव्हा धूर कित्येक दिवस हटला नाही. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि नासाच्या उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांत तो लोट स्पष्ट दिसला. कचरा साऱ्या शहराचा होता, खोकला मात्र शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि गोवंडीचा. अशा ठिकाणचा खेळाडू फायरबॉलचा नियम वाचून विचारेल, की आग विझल्यावर धूर कुठं जातो? या खेळाची थोरवी अशी, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तराचा नियम लिहिता येतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे कथेचा सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं काय करायचं ते ठरवतात. पात्राची ताकद, कौशल्यं, शस्त्रं एका कागदावर, म्हणजे कॅरेक्टर शीटवर, लिहिलेली असतात. यश-अपयश ठरवायला वीस बाजूंचा फासा. जिंकणं-हरणं नाही, गोष्ट महिनोन्‌महिने चालू शकते, आणि अशा लांबलेल्या गोष्टीला खेळाडू कॅम्पेन म्हणतात. पहिल्या पुस्तिकांपासूनच नियमांत भर घालण्याची मोकळीक दिलेली होती. अशा घरच्या नियमांना आज जगभर होमब्रू म्हणतात.

घरचे नियम सर्वांत जास्त होतात ते जादूचे. मूळ खेळातली जादू अमेरिकन लेखक जॅक व्हान्स यांच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून आली. त्यातले मांत्रिक मंत्र डोक्यात साठवतात आणि एकदा उच्चारला की तो मंत्र स्मरणातून पुसला जातो. गायगॅक्सना ही कल्पना सोयीची वाटली, कारण त्यामुळे मांत्रिकाला रोज मोजकेच मंत्र मिळतात आणि तलवारवाल्या गड्यालाही काम उरतं. पण अशा जादूची किंमत फक्त मांत्रिक मोजतो, तीही रात्रभर झोप काढून. उद्या सकाळी तिजोरी पुन्हा भरलेली.

ही जादू बदलण्याचे प्रयोग पुष्कळ झाले. 1987 च्या ‘आर्स मॅजिका’ या खेळात पाच क्रिया आणि दहा विषय यांची सांगड घालून खेळाडू जागच्या जागी नवा मंत्र रचतो. पण सर्वांत धाडसी बदल 1991 साली आलेल्या, डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्याच ‘डार्क सन’ या काल्पनिक जगात झाला. तिथं जादूची ताकद झाडाझुडपांच्या प्राणातून ओढावी लागते. जपून ओढणारे मांत्रिक वेगळे आणि ओरबाडणारे वेगळे. ओरबाडणाऱ्याच्या पायाखालची जमीन राख होते, तिथं पुढं काही उगवत नाही. शतकानुशतकं हेच चालल्यामुळे अथास नावाचं ते सगळं जगच वाळवंट झालेलं आहे. आणि मूळ नियमांत एक बोचणारी तरतूद होती: ओरबाडणारा मांत्रिक जपणाऱ्यापेक्षा लवकर वरच्या पातळीवर पोचतो. लेखकांनी कुठंही उपदेश केलेला नाही. त्यांनी फक्त किंमत मांत्रिकाच्या खिशातून काढून जमिनीवर टाकली, आणि त्या जगातली प्रत्येक जादू एकदम नैतिक प्रश्न बनली.

हेच सूत्र गोवंडीच्या भूगोलावर लावून पाहण्याजोगं आहे. समजा, एका काल्पनिक शहरातले सगळे मंत्र थोडी काजळी मागं सोडतात. मोठा मंत्र, जास्त काजळी. ती नाहीशी होत नाही; शहराच्या पूर्व टोकाला, खाडीच्या कडेला साचत राहते. सूत्रधारानं कागदाच्या कोपऱ्यात एक आकडा मांडायचा आणि प्रत्येक मंत्रागणिक तो वाढवत न्यायचा. विशिष्ट मर्यादा ओलांडली की त्या टोकाला आग लागते. खेळाडूंची पात्रं राहतात तिथंच. आता राजवाड्यातल्या मेजवानीत दिवे तरंगवणारा दरबारी मांत्रिक दुष्ट आहे का? त्यानं कुणाला मारलेलं नाही. त्याला खाडीकाठची वस्ती ठाऊकही नसेल. एवढ्या एका आकड्यातून जो संघर्ष उभा राहतो तो दहा ड्रॅगन आणून उभा राहत नाही.

उजेडाचंही तसंच. ‘लाइट’ हा डन्जन्स अँड ड्रॅगन्समधला अगदी नवशिक्याचा मंत्र. आताच्या नियमांत तो कितीही वेळा फुकट वापरता येतो आणि तासभर टिकतो. पण गोवंडीतलं नटवर पारेख कंपाऊंड किंवा मानखुर्दचं लल्लूभाई कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासानं या अंधाऱ्या, कोंदट घरांचा क्षयरोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. ज्या जगात ऊन अशी वाटून घ्यायची वस्तू आहे, तिथं उजेडाचा मंत्र फुकट ठेवायचा की सर्वांत महाग करायचा, हा साधा तांत्रिक निर्णय राहत नाही. याच नटवर पारेख कंपाऊंडमध्ये फेब्रुवारी 2023 मध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरला होता. वस्तीतल्या मुलामुलींनी नाटक, रॅप, छायाचित्रं, भित्तिचित्रं यांतून आपल्या भागाची गोष्ट स्वतः सांगितली. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर चालणारा हा खेळ अशा सांगणाऱ्यांच्या हाती पडायला हवा.

पात्रांच्या बाबतीत मराठी वाचकाला हक्कानं बोलता येईल असं एक उदाहरण खुद्द या खेळातच बसलेलं आहे: राक्षस. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो अवतरला तो वाघाच्या तोंडाचा, अंगात उंची जाकीट आणि हातात पाइप घेतलेला. जन्मानंच कपटी, आणि मंतरलेल्या बाणानं मरणारा. हा अवतार रामायणातून आला नव्हता. ‘कोलचॅक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या 1974 मधल्या एका भागाची छाप त्याच्यावर होती. महाभारत ऐकत वाढलेल्याला मात्र राक्षस म्हटलं की घटोत्कच आठवतो. भीमाचा आणि हिडिंबेचा मुलगा, पांडवांच्या बाजूनं लढला, आणि कर्णानं अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती स्वतःवर झेलून गेला. बिभीषणही राक्षसकुळातलाच. ज्या परंपरेत राक्षसाला इतका पैस आहे, तिथून नाव उचलून त्याला जन्मजात दुष्ट ठरवणं म्हणजे गोष्टीचा गाभा काढून कातडं ठेवणं.

जन्मावरून स्वभाव ठरवण्याची ही सवय खेळात खोल रुजली होती. एल्फ चपळ, ड्वार्फ चिवट, ऑर्क क्रूर. कुळ निवडलं की गुणांचे आकडे आपोआप वाढायचे. जातिव्यवस्थेनं पोळलेल्या देशात हे वाचताना अंगावर काटा यायला हवा, आणि अमेरिकेतल्या खेळाडूंनीही वंशभेदाच्या अनुभवातून नेमका हाच आक्षेप घेतला. 2020 मध्ये आलेल्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकानं हे वाढीव गुण हवे तिथं लावायची मुभा दिली. 2024 च्या नव्या नियमांत तर ते कुळाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडले गेले: ते आधी शेतकरी होतं, सैनिक होतं की लेखनिक होतं, त्यावरून. 2022 च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात मिमी मंडल या लेखिकेनं बंगालच्या नद्या-खाड्यांतून स्फुरलेली साहसकथा लिहिली. कोकणातला देवचार, गोव्यातला वेताळ, माणदेशातली धनगरांची वाट यांतून अशी कथा अजून कितीतरी मराठी टेबलांवर रचता येईल.

सर्वांत अवघड भाग नीतीचा. 1974 मध्ये पात्राला तीनच बाजू होत्या: सुव्यवस्था, तटस्थता, अनागोंदी. पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांचा तो वारसा. 1978 पर्यंत सज्जन-दुर्जन हा दुसरा अक्ष जोडला जाऊन नऊ चौकटींचा तक्ता तयार झाला. त्याला अलाइनमेंट म्हणतात. पात्र नऊपैकी एका घरात बसवायचं आणि त्यानुसार वागायचं. या तक्त्यावरून टेबलाटेबलांवर जितकी भांडणं झाली तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून झाली असतील. भुकेल्यासाठी चोरी करणारा कुठल्या घरात? राजाच्या अन्यायी आज्ञेचं निमूट पालन करणारा सज्जन कसा?

मराठी मुलखाला मात्र पटावर मांडलेली नीती नवी नाही. मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज. तो ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनी त्याच्या जुन्या पटांचा पाठपुरावा केला. कवड्या टाकायच्या, सद्गुणांच्या शिड्यांनी वर जायचं, काम-क्रोधादी सापांच्या तोंडून खाली यायचं. उत्तरेत हाच खेळ ज्ञानचौपड म्हणून खेळला जाई, आणि तिथली गंमत पाहण्यासारखी आहे. वैष्णवांचा पट बहुधा 72 घरांचा, जैनांचा 84, सूफींचा त्याहून मोठा. प्रत्येक पंथानं साप-शिड्यांची नावं आणि जागा आपल्या तत्त्वज्ञानाप्रमाणे बदलून घेतल्या. होमब्रू हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडं तेच चाललं होतं. एकच उणीव होती. मोक्षपटावर खेळणाऱ्याला निवड नसते. कवड्या पडतील तसा तो चढतो किंवा घसरतो. निवड आणि नशीब एकत्र आणणं हे नव्या खेळांचं काम.

ते सर्वांत सुंदर साधलं ग्रेग स्टॅफर्ड यांनी, 1985 च्या ‘पेंड्रॅगन’ या खेळात. तिथं परस्परविरोधी स्वभावांच्या तेरा जोड्या आहेत: दयाळू-क्रूर, उदार-स्वार्थी, खरा-लबाड अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया 14 असेल तर क्रौर्य 6. कसोटीच्या क्षणी वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पात्र स्वतःशी किती खरं राहतं ते बघायचं. वागणूक जशी, तसे आकडे सरकत जातात. कुणीच निव्वळ सज्जन नाही, आणि कुणाला एका घरात कायमचं कोंडलेलं नाही. नऊ घरांच्या तक्त्यापेक्षा हे माणसाच्या कितीतरी जवळचं आहे.

‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या लोकप्रिय खेळानं तर 2023 मध्ये अलाइनमेंट काढूनच टाकलं. त्याऐवजी प्रत्येक दैवताच्या पाळायच्या आणि वर्ज्य गोष्टींच्या यादीवर भर दिला. मराठी खेळाडूला हे समजावून सांगावं लागू नये. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्यमांस सुटतं, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. असा माळकरी योद्धा पात्र म्हणून उभा करा आणि त्याला भर दुष्काळात आषाढीच्या तोंडावर वेढा पडलेल्या गावात अडकवा. वारी करायची की गाव राखायचं? सज्जन-दुर्जन असा शिक्का मारून हा पेच सुटत नाही.

महाराष्ट्रात जादूचे नियम लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारनं वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं कठीण करणं हा त्यात गुन्हा आहे. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांचा छळ झाला आहे. त्यामुळं खेळातली खलनायिका म्हणून सहज ‘चेटकीण’ आणणाऱ्या सूत्रधारानं थांबून विचार करावा. अमेरिकेत 1980 च्या दशकात उलटा प्रकार घडला होता: हा खेळच सैतानपूजा शिकवतो अशी भीती पसरवली गेली, आणि ती निराधार होती. आपल्याकडची भीती खेळाविषयी नाही, खेळाबाहेरच्या बायकांविषयी आहे. गावानं चेटकीण ठरवलेल्या बाईचा बचाव करणं हीच मोहीम ठेवली तर तोच शब्द टेबलावर वेगळं काम करतो. आणि पहिल्या बैठकीतच कुठले विषय नकोत हे सगळ्यांनी बोलून घ्यावं. खेळाडू त्याला ‘सेशन झीरो’ म्हणतात. तो टाळू नये.

फाशांचाही विचार करावा. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी, पाच टक्के. सहा कवड्या टाकून उताण्या पडलेल्या मोजल्या, आणि कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं, तर चौसष्टपैकी वीस वेळा तीन येतील. शून्य किंवा सहा मात्र प्रत्येकी एकदाच. कवड्यांवरच्या जादूत चमत्कार आणि अनर्थ दोन्ही दुर्मीळ होतात. फाशांचा संच परवडत नसेल त्यालाही हा मार्ग खुला आहे.

नियमांसाठी पैसे मोजायची गरज नाही. जानेवारी 2023 मध्ये खेळाच्या वापराच्या परवान्यातल्या प्रस्तावित बदलांना खेळाडूंनी मोठा विरोध केल्यावर डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. सुमारे चारशे पानांचा हा मजकूर कुणालाही मराठीत आणता येतो, बदलता येतो, छापून विकताही येतो. मूळ श्रेय दिलं की झालं. त्यात फायरबॉल आहे, लाइट आहे. राक्षसही आहे, अजून दुष्ट म्हणूनच नोंदवलेला. ती नोंद खोडून तिथं हिडिंबेचं घराणं लिहायला आता कुणाची परवानगी लागत नाही.