पिसाच्या छपरावरचा पाहुणा

इटलीतलं पिसा म्हटलं, की कलता मनोरा आठवतो. पण तो मनोरा म्हणजे शेजारच्या कॅथेड्रलचं घंटाघर. मान खरा कॅथेड्रलचा आणि त्याच्या दारासमोरच्या बॅप्टिस्टरीचा. बॅप्टिस्टरी म्हणजे बाप्तिस्मा देण्यासाठी बांधलेली वेगळी इमारत. इथली गोल आहे.

१०६३मध्ये पिसाच्या आरमारानं पालेर्मोवर हल्ला केला. सिसिलीतलं हे बंदर तेव्हा मुसलमानांच्या ताब्यात होतं. तिथल्या लुटीतून हे कॅथेड्रल बांधायला घेतलं, असं त्याच्या दर्शनी भिंतीवरच लॅटिनमध्ये कोरलंय. लपवाछपवी नाही! बुस्केतो या स्थपतीचं नावही त्या भिंतीवर आहे.

पण माझं मन अडकतं ते छपरावर. तिथं शेकडो वर्षं काशाचा एक ग्रिफिन उभा होता. धड सिंहाचं, चोच आणि पंख गरुडाचे, उंची मीटरभर. तो इस्लामी कारागिरांनी घडवलेला. बहुतेक अभ्यासक स्पेनकडे बोट दाखवतात. अंगभर नक्षी, आणि कुफी वळणाच्या अरबी अक्षरांत मालकासाठी बरकतीची, आरोग्याची दुआ. चर्चच्या माथ्यावर अरबी दुआ! खाली चौकातून ती कोणाला दिसणार म्हणा. त्याच्या पोटात एक पोकळ भांडं आहे. वारा शिरला की त्यातून आवाज निघत असावा, असं संशोधकांना वाटतं. १८२८मध्ये त्याला खाली उतरवलं. अस्सल ग्रिफिन आता तिथल्या संग्रहालयात आहे, छपरावर प्रतिकृती.

बॅप्टिस्टरी दिओतिसाल्वीनं ११५२च्या सुमारास सुरू केली. पुरी व्हायला चौदावं शतक उजाडलं. म्हणून खाली साध्या गोल कमानी, तर वर टोकदार गॉथिक नक्षी. आत निकोला पिसानोनं १२६०मध्ये पुरं केलेलं संगमरवरी व्यासपीठ आहे. त्याचे काही खांब सिंहांच्या पाठीवर उभे आहेत. वरच्या शिल्पपटातली मरियम पाहावी : भरदार, एखाद्या राणीसारखी बसलेली. निकोलानं ती बैठक एका रोमन शवपेटीवरच्या फेड्रा राणीवरून घेतली. ही शवपेटी पिसातच होती. आजही त्याच आवारातल्या कांपोसांतो या दफनवास्तूत आहे. सावत्र मुलावर जीव जडलेल्या राणीची बैठक येशूच्या आईला देताना त्याचा हात अडखळला नाही. कवी म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.

बॅप्टिस्टरीचा घुमट दुहेरी आहे, आत शंकू आणि बाहेर गोलाई. त्यामुळे आवाज तिथं बराच वेळ घुमत राहतो. रखवालदार मधूनच दार लावून घेतो, मध्यभागी उभा राहून एक स्वर लावतो, मग दुसरा, मग तिसरा. पहिला अजून विरलेला नसतो. एकच माणूस गात असतो, आणि ऐकणाऱ्याला अनेक गळे ऐकू येतात.