चोराने बॅटरी काढली, तरी कारचा अलार्म वाजेल का?

कारला अलार्म बसवला की अनेक जण रात्री निर्धास्त झोपतात. पण हा अलार्म गप्प करायला १० नंबरचा एक पाना पुरतो. बॉनेट उघडायचं, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सैल करून काढायचं, की दोन-चार सेकंद कोकलून अलार्म बंद पडतो. सोसायटीतल्या लोकांना वाटतं, जाता-येता कुणाचा हात लागला असेल. कुणीही खिडकीत येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे अलार्मला त्याची स्वतःची छोटी बॅटरी देणं. कल्पना सोपी आहे. मात्र जोडणी चुकली, तर हीच बॅटरी ऐन वेळी रिकामी निघते किंवा गाडीचं वायरिंग जाळू शकते.

अलार्म इतक्या सहज बंद का पडतो?

अलार्मचा कंट्रोल बॉक्स, सायरन आणि हॉर्न हे सगळं साधारणपणे गाडीच्या एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ती काढली की सगळंच बंद. अनेक गाड्यांमध्ये कंपनीने दिलेला अलार्म वेगळा सायरन न वापरता गाडीचाच हॉर्न वाजवतो. अशा गाडीत फक्त कंट्रोल बॉक्सला बॅकअप देऊन उपयोग नाही, कारण हॉर्नला वीजच मिळणार नाही. बॅकअपवर चालणारा वेगळा सायरन तिथे लागतोच.

दुसरी बॅटरी थेट जोडली तर काय होतं?

यूपीएस किंवा इमर्जन्सी लाइटमध्ये असते तशी १२ व्होल्ट, १.२ अँपिअर-अवर क्षमतेची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी या कामासाठी वापरता येते. ती सरळ अलार्मच्या वायरला जोडली, तर ती गाडीच्या मोठ्या बॅटरीलाही जोडली जाते. इथेच घोळ होतो.

गाडी सुरू करताना स्टार्टर मोटर शंभरहून अधिक अँपिअर करंट ओढते. त्यातला काही भाग छोट्या बॅटरीतून, बारीक वायरमधून जाऊ लागतो आणि वायर तापते. चोराने मोठी बॅटरी काढली, तर आतल्या दिव्यांपासून इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांचा भार या छोट्या बॅटरीवर येतो. अलार्मसाठी ठेवलेली वीज भलतीकडेच संपते.

डायोड नेमकं काय करतो?

विहिरीवरच्या पंपाला फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, पण परत विहिरीत येऊ देत नाही. डायोड विजेच्या बाबतीत तेच काम करतो. गाडीकडून अलार्मकडे येणाऱ्या पॉझिटिव्ह वायरमध्ये तो बसवतात. त्याच्यावरची पट्टी अलार्मच्या बाजूला ठेवायची आणि छोट्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक याच बाजूला जोडायचं. निगेटिव्ह टोक रंग खरवडून मोकळ्या केलेल्या धातूवर, म्हणजे गाडीच्या बॉडीला घट्ट बसवायचं. आता गाडीकडून वीज येते, पण बॅकअपची वीज गाडीत परत जात नाही.

साध्या सिलिकॉन डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट कमी होतात. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, म्हणून छोट्या बॅटरीला साडेतेराच्या आसपास मिळतो आणि ती चार्ज होत राहते. गाडी उभी असताना मात्र मोठी बॅटरी १२.६ व्होल्टवर असते. डायोडपुढे ११.९ च उरतात. त्यामुळे अलार्म आधी छोट्या बॅटरीतूनच वीज खातो. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत बॅकअप हळूहळू उतरतो, तो असा. शॉटकी प्रकारच्या डायोडमध्ये ही घट सुमारे ०.३ ते ०.४ व्होल्ट असते, म्हणून या कामासाठी तो बरा.

फ्यूज कुठे हवा?

छोट्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून काही इंचांवरच. वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर शॉर्टसर्किटचा करंट बॅटरीतूनच येणार. फ्यूज लांब असेल, तर मधली वायर तशीच जळते. फ्यूज किती अँपिअरचा, हे वायरची जाडी आणि सायरनचा भार पाहून ठरवायचं. इंडिकेटरची लाइन बॅकअपवर घेऊ नये. ते बल्ब सायरनपेक्षा कितीतरी जास्त वीज खातात.

बॅटरी इंजिनजवळ नको. तिथली उष्णता तिचं आयुष्य कमी करते आणि चोरालाही ती लगेच सापडते. डॅशबोर्डच्या मागे, हलणार नाही अशी बांधावी. लेड-ॲसिडच्या जागी लिथियमची बॅटरी थेट जोडणं धोक्याचं आहे. तिला स्वतंत्र चार्जिंग सर्किट लागतं आणि चुकीच्या चार्जिंगमुळे ती पेट घेऊ शकते.

किती वेळ पुरते?

नुसता सावध असलेला अलार्म २० मिलिअँपिअर घेत असेल, तर १.२ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ६० तास टिकते. १ अँपिअरचा सायरन सलग वाजला, तर तासाच्या आतच संपते. बॅटरी जुनी झाली की दोन्ही आकडे खाली येतात.

तयार पर्याय आहे का?

आहे. बाजारात आतच बॅटरी असलेले सायरन मिळतात. त्यांची वीज तोडली, की ते स्वतःहून वाजू लागतात. साधा बॅकअप असं करत नाही. तो फक्त अलार्म जागा ठेवतो. या सायरनला छोटी किल्ली असते. गॅरेजमध्ये बॅटरी काढण्याआधी तिने सायरन बंद करावा लागतो. ब्रिटनमध्ये विमा क्षेत्रासाठी सुरक्षा उपकरणं तपासणाऱ्या थॅचम रिसर्च या संस्थेच्या 'कॅटेगरी १' अलार्ममध्ये अशी स्वतंत्र बॅटरी असावीच लागते.

गाडी वॉरंटीत असेल, तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा आणि काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. नंतर त्याच्यासमोरच चाचणी करा. अलार्म लावा, मोठ्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि दार उघडा. सायरन वाजला, तर काम झालं. हीच चाचणी दर सहा महिन्यांनी करावी.

अलार्म चोराला पकडत नाही. बॅकअप लावल्याने आवाज दोन सेकंदांत थांबत नाही, इतकाच फरक पडतो. पण तेवढ्या वेळात कुणीतरी खिडकीत येऊ शकतं.