धुराड्याचा उरोभाग : काढावयाचा की उघडावयाचा?

इंग्लंडमधील व्हिक्टोरियाकालीन घरांच्या रांगांत जवळजवळ प्रत्येक मुख्य खोलीच्या भिंतीत कोळशाची चूल असे. या चुलीभोवतीचे विटांचे बांधकाम भिंतीपुढे हातभर आलेले असते. तळमजल्यापासून निघून वरच्या खोल्यांतून व माळ्यातून चढत ते अखेर धुराड्याच्या रूपाने छपराबाहेर पडते. तेथील गवंडी यास ‘चिमनी-ब्रेस्ट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण ‘उरोभाग’ म्हणू. डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या प्राणघातक धुरक्यानंतर १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला. पुढे गॅस व नळांतून फिरणारे ऊन पाणी यांनी कोळशाची जागा घेतली, आणि खोलीतील मोक्याची जागा अडवून बसलेला हा उरोभाग घरमालकांच्या डोळ्यांत खुपू लागला.

येथे दोन भिन्न कामांची गल्लत होते. जुनी चूल काढून तिच्यामागील मूळ पोकळी मोकळी करणे हे एक काम. उरोभागच पाडून भिंत सपाट करणे हे दुसरे. पहिल्यात भिंतीचा भार ढळत नाही, दुसऱ्यात तो संपूर्णपणे ढळतो.

पहिले काम अभ्यासकास अधिक रंजक वाटेल. बाहेरची चकचकीत फरशांची चूल बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असते. ती काढली की मागे ओतीव लोखंडाच्या जुन्या चुलीच्या खुणा सापडतात, आणि त्यामागे चुरा व विटांचे तुकडे भरून बुजविलेली मूळ रुंद पोकळी. म्हणजे घराच्या तीन पिढ्या एकाच भोकात एकामागे एक उभ्या असतात! ही भर काढण्यापूर्वी वरचा गिलावा खरवडून मूळ कमान अथवा आडवी तुळई कोठे आहे ते पाहणे अवश्य आहे. तिच्या खालची भर काढता येते. तिला किंवा तिच्या वरच्या विटांना हात लावला की काम दुसऱ्या प्रकारात जाते. जुन्या दोऱ्या व तक्ते ॲस्बेस्टॉसचे असण्याचा संभव असल्याने ते तपासल्यावाचून फोडू नयेत. धूरनळीच्या आतील लेप चुना व शेण यांचा असे, हे वाचून आपल्याकडील वाचकांस नवल वाटणार नाही.

आता दुसरे काम. दीड मीटर रुंद, ३५ सेंटिमीटर पुढे आलेला व अडीच मीटर उंच असा एका मजल्याचा उरोभाग घेतला, आणि धूरनळ्यांच्या पोकळीपोटी एक-तृतीयांश वजा केला, तरी त्याचे वजन दीड टनाहून अधिक भरते. खालच्या खोलीतील भाग पाडला की वरच्या मजल्याचा व छपरावरील धुराड्याचा भार अधांतरी राहतो. चुना व विटांची पकड काही काळ तो तोलून धरते, आणि हाच खरा धोका होय. कारण काम निर्वेध पार पडले असे वाटते. वरच्या मजल्यावरील चुलीपुढचा दगडही पुष्कळदा याच उरोभागावरून निघालेल्या लहान कमानीवर टेकलेला असतो. म्हणून पाडण्यापूर्वी पोलादी तुळई घालून तिची दोन्ही टोके भक्कम भिंतींवर टेकवावी लागतात. भिंतीला ठोकलेल्या त्रिकोणी लोखंडी आधारांवर भागविण्याची प्रथा आहे खरी. परंतु ते सारा भार त्या एकाच जुन्या भिंतीवर, तोही ओढीच्या रूपाने, टाकतात. माझ्या मते तुळईचा खर्च वाचविण्यासाठी पत्करण्याजोगी ही जोखीम नव्हे.

शिवाय ती भिंत बहुधा सामायिक असते. पलीकडे शेजाऱ्याची धूरनळी आणि आपली खोली यांत केवळ अर्ध्या विटेची जाडी उरू शकते. त्या नळीत गॅसची शेगडी सोडलेली असल्यास सुटलेल्या दर्जांतून कार्बन मोनॉक्साइड झिरपू शकतो; त्यास रंग नाही, वासही नाही. यास्तव इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ च्या सामायिक भिंतीविषयीच्या कायद्यान्वये शेजाऱ्यास दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते, आणि इमारत-नियमांखालील मंजुरी निराळी.

चूल काढून पोकळी बंदच करावयाची असल्यास खाली जाळी व माथ्यावर पाऊस अडवून वारा खेळू देणारी टोपी ठेवावी. कोळशाच्या धुरातील क्षार विटांत मुरलेले असतात. ते हवेतील दमट ओढून घेतात, आणि हवा न खेळल्यास नव्या गिलाव्यावर पिवळट-तपकिरी डाग पुन्हा पुन्हा उमटतात. नुसता रंग चढवून हे डाग जात नाहीत.